इटेरिओ म्हणजे पक्षी नव्हे

भाऊ,

पत्र 'सप्रेम नमस्कार' असं सुरू करायची हाताला सवय आहे. या वेळी ते शब्द लिहिणार नाही. गेल्या गुरुवारी तुम्ही माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून, माझ्या हातचा चहा पिता पिता चोरी केलीत. चोरी म्हटल्यावर तुम्ही हसाल, 'अहो, खेळच तो, एवढं काय!' असं म्हणाल. खुशाल म्हणा. मी सहा दिवस हे पत्र मनात लिहिते आहे आणि त्यातला एकही शब्द मला जास्त वाटत नाही.

हे पत्र तुम्हाला एकट्याला न देता सोसायटीच्या वाचनालयातल्या फळ्यावर लावते आहे. नाव लिहिलेलं नाही. ज्याचं त्याला कळेल, आणि आपल्या चौकोनातल्या उरलेल्या दोघांनाही कळेल. त्यांना कळायलाच हवं, कारण तुम्ही माझ्या एकटीचं काही नेलेलं नाही.

काय घडलं ते आधी नीट सांगते. आपल्या स्क्रॅबलच्या डावात मास्तरांनी आडवा 'प्लॅन' लावला होता. तुमची पाळी आली. 'मुलाचा फोन येतोय' म्हणत तुम्ही गॅलरीत गेलात, तीन-चार मिनिटांनी परत आलात आणि खाली न बसताच एकेक टाइल उतरवायला लागलात. ई, टी, ए, ई, आर, आय, ओ. सातही. पहिला ई 'प्लॅन'ला लागून त्याचं 'प्लेन' झालं, आणि तो ई पडला नेमका डबल वर्डच्या घरात. उभ्या शब्दाचे 16, आडव्याचे 14, रॅक एका दमात रिकामा केल्याचे, म्हणजे बिंगोचे, 50. एकूण 80. वहिनींनी स्कोअरच्या वहीत आकडा लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवली. मास्तर म्हणाले, 'असा शब्द असतो?' तुम्ही म्हणालात, 'डिक्शनरीत बघा.'

बघायची गरज नव्हती, मला शब्द माहीत होता. खरं सांगते भाऊ, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इटेरिओ! तो शब्द मी 31 वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवला. निवृत्त झाल्यापासून कोणाच्याही तोंडून ऐकला नव्हता. तो असा अचानक, माझ्याच टेबलावर, लाकडी टाइल्सवर उभा राहिलेला! मला वाटलं, बारा वर्षं शेजारी राहणाऱ्या या माणसाला वनस्पतिशास्त्राची गोडी असेल आणि आपण कधी विचारलंच नाही. म्हणून मी विचारलं. परीक्षा घ्यायची म्हणून नव्हे, सासुरवाशिणीला माहेरचं माणूस भेटल्यावर ती विचारते तसं विचारलं, 'भाऊ, हा तुम्हाला कुठे भेटला?'

तुम्ही म्हणालात, 'एक पक्षी असतो. ऑस्ट्रेलियात.'

आता तो पक्षी काय आहे ते ऐका. ऑगस्ट-सप्टेंबरात सासवडकडून सीताफळं यायला लागली की मी पाटीभर घेऊन वर्गात जायची. प्रत्येक बाकावर एक फळ. मुलांना सांगायची, खायचं नंतर, आधी डोळे मोजा. सीताफळावर जे डोळे दिसतात ना, त्यातला प्रत्येक डोळा म्हणजे एक स्वतंत्र फळ आहे. फूल एकच, पण त्या फुलात किंजदलं पुष्कळ आणि एकमेकांपासून सुटी. प्रत्येक किंजदलाचं आपलं आपलं एक इवलं फळ होतं, आणि ती सगळी एकाच देठावर एकमेकांना बिलगून वाढतात. म्हणून पिकलेलं सीताफळ फोडावं लागत नाही, नुसतं दाबलं की डोळा डोळ्यापासून सुटतो, आणि आत गराची एकेक पाकळी, तिच्यात बहुधा एक काळी बी. अशा फळाला मराठीत घोसफळ म्हणतात, आणि आमच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत इटेरिओ. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी इटेरिओ. सोनचाफ्याला फळं धरतात ती इटेरिओ. मारुतीला जिची माळ घालतात त्या रुईची शेंगांसारखी जोडफळं, तीही इटेरिओ. फणस मात्र नाही, कारण फणस एका फुलाचा नसतो, तो अख्ख्या फुलोऱ्याचा असतो. हा फरक मुलांना पटवायला माझा एक अख्खा तास जायचा आणि शेवटी वर्गभर चिकट हात आणि बियांचे ढीग. शब्द मूळचा ग्रीक आहे. त्याचा अर्थ संगत, मंडळी, एकत्र आलेले सोबती.

हे सगळं मी त्या दिवशीही सांगायला लागले होते. तुम्ही म्हणालात, 'हो हो, तसंच काहीतरी,' आणि हात धुवायला आत गेलात. फोन टेबलावर राहिला होता. तो वाजला, तुमच्या घरून होता. तुम्हाला नेऊन द्यावा म्हणून मी उचलला, तोवर वाजायचा थांबला आणि आधीचं पान परत आलं. वर एका चौकटीत सात अक्षरं, जशी तुमच्या रॅकवर होती त्याच क्रमाने टाइप केलेली. खाली शब्दांची यादी, सगळ्यात लांब शब्द सगळ्यात वर. सगळ्यात वर इटेरिओ. त्याच्या समोर छोट्या अक्षरांत अर्थ वाचायचं बटण होतं. तेवढंही तुम्ही दाबलं नव्हतंत.

मी फोन उपडा ठेवला. डोकं दुखतंय म्हणाले आणि डाव मोडला.

मांजर डोळे मिटून दूध पितं, हे आपण लहान मुलांना सांगतो. तुम्ही सत्तरीत गॅलरीचं दार लोटून तेच करत होतात. आणि आता मला मागचे सगळे गुरुवार आठवतायत. श्रावणापासून दर डावात तुम्हाला एक तरी फोन येत होता. फोन आला की पाच मिनिटांत बोर्डावर असा शब्द यायचा की आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो. आम्ही तुमचं कौतुक केलं, भाऊ. मनापासून केलं. त्या कौतुकाची मला आता फार चीड येते.

आपला हा खेळ सुरू कसा झाला ते तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तुम्ही ते विसरला आहात. मास्तर तारखात्यातले. 2013 च्या जुलैत देशातली तार बंद झाली. मास्तर त्याच्या आधीच निवृत्त झाले होते, पण आपल्याच घरातलं कोणी गेल्यासारखे महिनाभर घराबाहेर पडले नाहीत. त्यांना बाहेर काढायला म्हणून मी नातवाचा स्क्रॅबलचा डबा टेबलावर मांडला. मास्तरांनी थैलीतल्या टाइल्स पालथ्या केल्या, अक्षरांप्रमाणे त्यांचे ढीग लावले, मोजले, आणि म्हणाले, 'हे तर आमचंच खातं आहे!'

त्याचं कारण त्यांनी मला कडकट्ट करून समजावलं होतं. मोर्सच्या लिपीत ई म्हणजे नुसता एक टिंब. टी म्हणजे एक रेघ. इंग्रजीत ही अक्षरं वारंवार लागतात म्हणून ती सगळ्यात आखूड ठेवली. क्यू, झेड आणि जे क्वचित लागतात, म्हणून त्यांना चार-चार खुणा. मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याने छापखान्यातल्या खिळ्यांचे साठे बघून कोणतं अक्षर किती लागतं याचा अंदाज बांधला होता. आणि शंभरएक वर्षांनी अमेरिकेतच दुसऱ्या एका आल्फ्रेडने तेच केलं. आल्फ्रेड बट्स हा वास्तुकार. जागतिक मंदीत त्याचं काम सुटलं, तेव्हा तो वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजत बसला. त्या मोजणीतून शंभर टाइल्स ठरल्या. ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू आणि झेड एकेकच आणि त्यांना 10 गुण. एस मात्र त्याने मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला एस लावून अनेकवचनावर गुण उकळत बसला असता. 1938 साली त्याने खेळ पुरा केला, 1948 मध्ये जेम्स ब्रूनोने त्याला स्क्रॅबल हे नाव दिलं. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसणाऱ्याला आडकाठी करायची सोय त्या बिचाऱ्याने टाइल्सच्या संख्येतच करून ठेवली होती. तुमच्या खिशातल्या फोनचा विचार त्याला कसा सुचणार!

आता मला सांगा, सात अक्षरं समोर आली की माणूस काय करतो? तुम्ही ते हल्ली करत नाही, म्हणून मीच सांगते. आधी टाइल्स सरकवतो. आय, एन, जी एकत्र असतील तर उचलून उजवीकडे नेतो. ई-डी, ई-आर हेही उजवीकडे. आर-ई किंवा यू-एन असेल तर डावीकडे, पुढे जोडायला. सी असेल तर एच कुठे आहे बघतो, क्यू असेल तर यू. मग जे मधे उरतं त्याच्याकडे बघत बसतो. काही दिसत नाही. पुन्हा मोडतो, पुन्हा मांडतो. बऱ्याच वेळा काहीच होत नाही आणि मग एकाएकी, टाइल्सना हातसुद्धा न लावता, शब्द दिसतो. आधी दिसला कसा नाही याचं नवल वाटतं. तो जो क्षण आहे ना भाऊ, त्यासाठी मी गुरुवारची वाट बघते. गुणांची बेरीज वहिनी करतात, मला ती कधी आठवतसुद्धा नाही.

आपल्यासारख्यांना हे जास्तच गोड लागतं, असं मला वाटतं. आपण मराठी शाळेतले, इंग्रजी पाचवीपासून. मराठीत अक्षर असं सुटं होऊन हातात येत नाही. 'दगड'चा 'गडद' होतो, पण तशा जोड्या थोड्याच. 'पाणी'तला काना काढून दुसऱ्याला लावता येत नाही, तो 'प'ला धरूनच राहतो. आणि मराठीत अक्षरं हलवली तरी आवाज ओळखीचेच राहतात. इंग्रजीत तसं काही नाही. एच-ई-ए-आर-टी, हार्ट. त्यातला एच उचलून शेवटी ठेवला की अर्थ, म्हणजे पृथ्वी. पुढे-मागे केलं की हेटर. तीच पाच अक्षरं आणि आवाजांचा एकमेकांशी काही संबंध नाही! ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात आली तर त्यातून 'रिटेन्स' निघतो, डोळ्यातला 'रेटिनाज' निघतो, 'नॅस्टियर' निघतो, डाग पाडणारा 'स्टेनर' निघतो. ज्या स्पेलिंगांनी शाळेत छड्या खायला लावल्या, तीच या वयात अशी खेळायला येतात. हे सुख तुम्ही अंगठ्याने पुसून टाकलंत.

मास्तरांचा 'फकीर' आठवतो? क्यू घेऊन बसले होते, यू चारही बोर्डावर जाऊन बसलेले. आपण म्हटलं, बदला टाइल्स, पाळी सोडा. मास्तर हलले नाहीत. चहा निवला. त्यांची बोटं टेबलावर वाजत होती, डा डा डिट डा, डा डा डिट डा, म्हणजे क्यूच. आणि मग हळूच त्यांनी मांडलं, एफ, ए, क्यू, आय, आर. तरुणपणी कुठल्याशा दर्ग्याच्या पत्त्यावर तार गेली होती, त्यात फकीर क्यूने लिहिला होता. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका तारेतून तो शब्द निघाला. त्या अक्षरांचे 17 गुण होतात. ते 17 आणि तुमचे 80 एकाच वहीत, एकाच पेन्सिलीने लिहिलेले आहेत, हे मला बघवत नाही.

तुमच्या फोनने काय केलं, तेही मला ठाऊक आहे. माझ्या नातवाने समजावून दिलं. सात वेगवेगळ्या अक्षरांच्या मांडण्या होतात 5040. तुमच्याकडे ई दोन होते, म्हणून 2520. पण यंत्र त्या मांडण्या करून बघतसुद्धा नाही. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं आधीच एबीसीडीच्या क्रमाने लावून ठेवलेली असतात. 'हार्ट', 'अर्थ', 'हेटर' तिन्ही एकाच खणात, खणावर चिठ्ठी ए-ई-एच-आर-टी. तुम्ही अक्षरं दिलीत की तीही तशीच क्रमाने लावायची आणि त्या चिठ्ठीचा खण उघडायचा. लहान शब्द हवे असले तर एकेक अक्षर गाळून पुन्हा खण उघडायचे. स्पर्धांतला कॉलिन्सचा शब्दसंग्रह 2019 साली 2 लाख 79 हजारांच्या पुढे गेला होता, आणि तो सगळा असा खणाखणांत घालता येतो. युक्ती सुंदर आहे. ज्याला ती सुचली त्याला मी नमस्कार करीन. यंत्राविषयी माझी काही तक्रार नाही, कारण मीसुद्धा ते वापरते.

हो, वापरते. डाव संपल्यावर, रात्री. आज काय दिसायचं राहून गेलं ते बघायला. माझी एक निळी वही आहे, तिच्यात सुटलेले शब्द लिहून ठेवते, अर्थासकट. दोन अक्षरी 127 शब्द मी त्याच वहीत पाठ केले. चिनी लोकांच्या 'ची'साठी क्यू-आय चालतं हे मला तिथेच कळलं. पुढच्या डावात ते आठवलं तर आठवलं, नाही आठवलं तर नाही. ती वही मी तुम्हाला दोनदा दाखवली होती. तुम्ही पानं उलटून परत दिलीत.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. तुम्ही म्हणाल, शब्दाचा अर्थ यायलाच हवा असा नियम नाही. बरोबर, नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स पाच वेळा इंग्रजीचे विश्वविजेते. 2015 मध्ये त्यांनी फ्रेंच भाषेतली स्पर्धा जिंकली तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यांनी सुमारे नऊ आठवडे फ्रेंच शब्दकोश डोक्यात उतरवला होता. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही त्यांनी तेच केलं. अर्थ त्यांनाही येत नव्हते. पण शब्द त्यांच्या डोक्यात होते, भाऊ. समोरच्या खेळाडूला ते तिथे बसलेले दिसत होते, तो त्यांच्या डोक्याशी खेळत होता आणि त्यांच्या डोक्याकडून हरत होता. उद्या तुम्ही कोशातला एकही अर्थ न वाचता हजार शब्द घोकून या, मी तुमच्या पाया पडेन. आम्ही मात्र श्रावणापासून गॅलरीतल्या एका यंत्राशी खेळत होतो आणि ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायलात, ते प्यायलात. वर आम्हाला विहीर स्वतः खणल्याचं दाखवलंत.

आणि तरीसुद्धा मी हे पत्र लिहिलं नसतं. तुमच्या-माझ्यात मिटवलं असतं. लिहिते आहे ती वहिनींसाठी.

वहिनी दहावीपर्यंत शिकलेल्या. सुरुवातीला त्या फक्त चहा द्यायच्या आणि वहीत गुण लिहायच्या. चौथा गडी नव्हता म्हणून मी त्यांना बसवलं. पहिले सहा महिने 'कॅट', 'रॅट', 'मॅट'. एका गुरुवारी मी 'गूस' लावला होता, बदक-हंसातला गूस. वहिनी रॅककडे बघत होत्या, बोर्डाकडे बघत होत्या. मग घाबरत घाबरत त्यांनी माझ्या शब्दाच्या पुढे तीन टाइल्स ठेवल्या, एम, ओ, एन. आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, 'अगंबाई, मुंगूस!' डबल वर्ड धरून 22 गुण. आपण चौघांनी टाळ्या वाजवल्या, तुम्हीसुद्धा. मी त्यांना सांगितलं, वहिनी, हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला आहे, मराठी मुंगसावरूनच त्यांचा मॉंगूस झाला. वहिनींनी तो दिवस घरी दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहून ठेवला आहे. मी पाहिलाय तो चौकोन.

त्या वहिनी गेले दोन महिने म्हणतायत, 'मी नुसते गुण लिहिते, तुम्ही तिघं खेळा. माझं डोकं आता चालत नाही.' तुमच्या प्रत्येक बिंगोनंतर त्यांचा रॅक थोडा मागे सरकायचा. आणि तुम्ही काय म्हणालात त्यांना? 'वहिनी, व्होकॅब्युलरी वाढवा. रोज पाच शब्द पाठ करा.' हे तुम्ही म्हणालात! गॅलरीतून येऊन, फोन खिशात घालता घालता! त्यावर त्या माऊलीने बाजारातून इंग्रजी-मराठी खिशातला कोश आणला आणि दुपारी जेवण झाल्यावर चष्मा लावून ए पासून वाचायला बसल्या. परवा मला म्हणाल्या, 'भाऊंचा एक शब्द त्यात सापडेल तर शपथ.' कसा सापडेल? त्यांना वाटतं, आपण कमी पडतोय. त्या बाईला असं वाटायला लावलंत, याची मी तुम्हाला माफी देऊ शकत नाही. ती द्यायची तर त्यांनी द्यायची.

डावावर पैसे लागले नव्हते, बक्षीस नव्हतं. जिंकणाऱ्याला जास्तीची चकली, एवढाच आपला करंडक. त्याच्यासाठी एवढं सोंग वठवायचं? मी सहा दिवस याचाच विचार करते आहे. तुम्ही बँकेत अधिकारी होतात, शेकडो माणसं तुमच्या सहीवर अवलंबून होती. निवृत्तीनंतर 'हे हुशार आहेत' असं कोणी म्हणेनासं झालं असेल, आणि गुरुवारी ते ऐकायला मिळत असेल. तसं असेल तर ते मला समजतं. मलाही वर्गातली मुलं आठवतात. पण मग सांगायचं होतंत. 'मला शब्द दिसत नाहीत हो, नुसते स्वर दिसतात' असं म्हणाला असतात तर मी तुमच्या शेजारी खुर्ची ओढली असती. पाच स्वर आणि दोन व्यंजनं घेऊन कोणीही अडतं. त्या रॅकवर मीही अडले असते. 31 वर्षं शिकवूनही मला त्या सात टाइल्समध्ये इटेरिओ दिसला असता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून तर मला एवढा आनंद झाला होता.

तेव्हा आता काय करायचं ते ऐका. स्कोअरची वही वहिनींकडे आहे. श्रावणातल्या पहिल्या गुरुवारपासूनच्या पानांवर तुमच्या रकान्यात जे जे शब्द गॅलरीतून आले, त्यांच्यावर तुम्ही स्वतः रेघ मारायची. कोणते ते आम्हाला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. ते करताना वहिनी समोर बसलेल्या असतील. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण 'व्होकॅब्युलरी' हा शब्द त्यात नको. मास्तरांना काही सांगू नका, ते हे पत्र वाचतील आणि बोलणार नाहीत. ते त्यांचं वागणं तुम्ही सोसायचं. यापुढे चौघांचेही फोन माझ्या स्वयंपाकघरात पोळीच्या डब्यावर राहतील, माझासुद्धा. घरून कोणाचा फोन आला तर मी उठून आणून देईन.

आणि येताना सीताफळ आणा. मंडईत आता शेवटची शेवटची आहेत. दाबून बघू नका, फुटतात. डोळ्यांच्या मधल्या भेगा पांढऱ्या-पिवळ्या दिसायला लागल्या की समजायचं दोन दिवसांत खाण्याजोगं होईल. आणल्यावर आधी मोजायचे डोळे.

बोर्ड मी उचललेला नाही. गुरुवारी होता तसाच टेबलावर आहे. धूळ बसू नये म्हणून वर जुनं वर्तमानपत्र पसरलंय, आणि सहा दिवस मी जेवण ओट्याशी उभ्यानेच करते आहे. 'प्लॅन'च्या शेवटी तुमची सात अक्षरं उभी आहेत. ती तुम्ही तुमच्या हाताने उचलून रॅकवर ठेवा. पाळी तुमचीच आहे, आणि आपल्याकडे घड्याळ नसतं.

चार वाजता.

— पहिल्या मजल्यावरच्या बाई